मुठीशिवायचा गिअरबॉक्स

बाकावर एकूण त्रेचाळीस वस्तू होत्या. मी त्या दोनदा मोजल्या आणि वहीत लिहून घेतल्या. चार गिअरचा गिअरबॉक्स एक. त्याच्यापुढे बसणारं घंटेच्या आकाराचं कवच एक, ज्याला ऑरिन स्टाल नुसतं ‘बेल’ म्हणत होते. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि त्याला ढकलणारा काटा, प्रत्येकी एक. क्लच प्लेट एक, आणि तेवढीच नवी, तेलकट कागदात गुंडाळलेली. पेडलं दोन. वेगवेगळ्या लांबीच्या सळ्या पाच. क्लचचा आडवा दांडा एक, गिअरबॉक्सखालचा आडवा तुळईसारखा पत्रा एक, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट एक, बोल्ट चोवीस. तंबाखूच्या जुन्या डबीत एक पितळी बुश, अंगठीपेक्षा जरा जाड. आणि गिअरचा दांडा एक.

दांड्याच्या वरच्या टोकाला आटे होते, पण मूठ नव्हती.

“मूठ नाही,” मी म्हणाले.

“नाही,” ऑरिन म्हणाले. “ती माझ्याकडे नाही.”

‘हरवली’ असं ते म्हणाले नाहीत. मी वहीत तेही लिहिलं.

ऑरिन स्टाल चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांचं वर्कशॉप म्हणजे पूर्वीचा गाईंचा गोठा, आमच्या घरापासून त्याच रस्त्यावर अडीच मैल. दूध थंड करायच्या स्टीलच्या टाकीत ते आता सुटे भाग धूत. गोठ्याच्या मधोमध माझ्या बाबांची एकोणसत्तर सालची गाडी जॅकवर उभी होती. दोन दारं, आठ सिलिंडरचं मोठं इंजिन, गडद हिरवा रंग आणि ऑटोमॅटिक गिअर. बाबा दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. घर आईचं आहे, हत्यारं चुलतभावाने नेली. गाडी माझी.

बाबांच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी ऑरिननी पत्रपेटीत चिठ्ठी टाकली होती. ‘रूडीच्या गाडीत कधी हाताचा गिअर बसवायचा झाला तर माझ्याकडे सगळं सामान पडून आहे. मजुरी नको.’ खाली सही. सांत्वनाचा एक शब्द नाही.

आईने ती चिठ्ठी फ्रीजवर चुंबकाखाली लावून ठेवली, पुरावा ठेवावा तशी. “तीस वर्षं पाहिलंय मी,” ती म्हणाली. “किराणा दुकानात तो एका रांगेत दिसला की तुझे बाबा गाडा वळवून दुसऱ्या रांगेत जायचे. कधी दूध न घेताच घरी यायचे. आणि आता तो आपल्यासाठी फुकट राबणार? त्याला त्या गाडीतलं काहीतरी हवंय, बघ.”

“काय?”

“ते मला कळलं असतं तर मी तुझ्यासारखी इंजिनिअर झाले नसते का?”

मी इंजिनिअर नाही. मी पदार्थविज्ञान शिकले आणि एका प्रयोगशाळेत मोजमापाची साधनं तपासते. पण आईला हा फरक मान्य नाही.

तिचा अंदाज इंजिनाचा होता, आणि तो चुकीचा म्हणता येत नव्हता. आमच्या भागात या गाड्यांचं सगळं महत्त्व आकड्यांवर आहे. कारखान्याने गाडीचा क्रमांक इंजिनावर ठोकलेला असतो, तोच गिअरबॉक्सवर. तिन्ही जुळले तर गाडी अस्सल. नाहीतर नुसतं हिरवं लोखंड. इंजिन आणि गिअर वेगळे करायचे म्हटलं की इंजिन उघडं पडतं, आणि रात्रीत एकाच्या जागी दुसरं येऊ शकतं. तसं झाल्याचे किस्से आम्ही लहानपणापासून ऐकलेत.

मग मी का दिली गाडी? कारण बाबांच्या हत्यारांच्या खणात मला एक मूठ सापडली होती. पांढरी, गोल, वरती एक ते चार आकडे आणि मागच्या गिअरचं अक्षर कोरलेलं. आयुष्यभर ‘मला ऑटोमॅटिकच आवडतं’ म्हणणाऱ्या माणसाने ती मोज्यात गुंडाळून का ठेवली होती, हे मला जाणून घ्यायचं होतं. ही मूठ मी ऑरिनना दाखवली नाही. ती माझ्या जॅकेटच्या खिशात होती.

आईची अट साधी होती. इंजिनाचा एक बोल्ट जरी बदललेला सापडला, तर टो करून गाडी घरी आणायची आणि त्या माणसाचं नाव पुन्हा काढायचं नाही. मी इंजिनाच्या अकरा बोल्टांवर नेलपॉलिशचे बारीक ठिपके दिले. क्रमांकाचा फोटो काढला.

दर शनिवारी सकाळी आठला मी जायची. ऑरिन कमी बोलत. दुपारी ते घडीच्या खुर्चीत बसून मांसाचे काप घातलेलं सँडविच खात आणि अर्धं मला देत, न विचारता. दर शनिवारी ठिपके मोजायचे, मग हात घाण करायचे, हा माझा क्रम. ठिपके अकराच भरत.

“रंग छान आहे,” तिसऱ्या शनिवारी ते म्हणाले.

“कुठला?”

“बोल्टांवरचा. तुझ्या नखांना नाहीये तो.”

ते रागावले नव्हते. “रूडीची पोर आहेस,” एवढंच म्हणाले आणि गाडीखाली सरकले.

त्या दिवशी आम्ही ऑटोमॅटिक गिअर उतरवला. त्यानंतर मला तीन गोष्टी दिसल्या, आणि तिन्ही जागच्या जागी बसत नव्हत्या.

पहिली, कार्पेटखाली. हाताच्या गिअरसाठी गाडीच्या पत्र्यात, दोन सीटांच्या मधे, भोक कापावं लागतं. मी मापं घेऊन खडूने खूण करायला बसले तर तिथे आधीच चौकोनी पत्र्याचं ठिगळ होतं. बारा रिव्हेट, वर काळा रंग. म्हणजे भोक होतं आणि कोणीतरी ते बुजवलं होतं.

“हे काय?”

“गंजलं असेल,” ऑरिन म्हणाले. बघायलाही आले नाहीत. आजूबाजूच्या पत्र्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

दुसरी, इंजिनाच्या मागच्या टोकाला. हाताच्या गिअरला क्रँकशाफ्टच्या टोकात पितळी बुश लागतो, म्हणून तिथलं भोक मापात कातलेलं असतं. ऑटोमॅटिकच्या गाडीत ते बहुधा कच्चंच सोडतात आणि या कामात नेमकी तिथेच लोकांची पंचाईत होते. आमच्या गाडीत भोक अगदी मापाचं होतं. आतल्या भिंतीवर छिनीचे दोन ओरखडे होते, कोणीतरी कधीकाळी बुश उपसून काढल्याचे.

तिसरी गोष्ट मी स्वतः मोजली.

बेल इंजिनावर लावली की तिच्या मधलं भोक क्रँकशाफ्टच्या बरोबर मध्यावर यावं लागतं. नाहीतर गिअर अडकतात आणि वर्षभरात बेअरिंग जातं. या कामात सगळेच इथे चुकतात. बेल कुठल्याही इंजिनाची आणतात, बोल्ट बसले म्हणजे बसली असं समजतात आणि मोजत नाहीत. एका इंजिनाची बेल दुसऱ्याला लावली की सहसा पंधरा-वीस थाऊ फरक येतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहाच्या आत चालतं. त्यापुढे गेलं तर वाकड्या पिना घालून सरकवावं लागतं.

मी प्रयोगशाळेतून डायल गेज आणलं होतं. फ्लायव्हीलवर चुंबकाने चिकटवलं, काटा भोकाच्या कडेला टेकवला आणि ऑरिननी पान्याने इंजिन सावकाश एक फेरी फिरवलं.

तीन थाऊ.

मी गेज काढून पुन्हा लावलं. पुन्हा तीन.

“नशीब,” ऑरिन म्हणाले.

मी नशीब मोजत नाही. कुठूनतरी आलेलं कवच कुठल्यातरी इंजिनावर पहिल्याच फेरीत तीन थाऊत बसत नाही असं नाही, पण ठिगळ, ओरखडे आणि तीन थाऊ एकाच गाडीत एकाच दिवशी येत नाहीत. ही बेल याच इंजिनावर होती. मग गिअरबॉक्सही याच गाडीचा.

मग तो या माणसाच्या गोठ्यात कसा?

गिअरबॉक्स अजून बाकावर होता. तो पुसायला, उचलायला ऑरिननी मला एकदाही हात लावू दिला नव्हता. ‘जड आहे’ म्हणायचे, आणि जड होताच. आता लक्ष दिलं तर त्याच्या उजव्या बाजूचा एक पट्टा, जिथे कारखाना क्रमांक ठोकतो तिथे, बाकीच्यापेक्षा काळाभोर आणि चकचकीत होता. ताजा रंग.

ऑरिन कॉफी आणायला घराकडे गेले. मी थिनरचं फडकं घेतलं आणि पट्टा घासला. आकडे एकेक करून वर आले. फोनमधला फोटो काढून मी ते ताडून पाहिले. आठच्या आठ जुळले.

दारात पावलं वाजली. त्यांच्या हातात दोन कप होते. त्यांनी माझ्या हातातलं फडकं पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि कप दुधाच्या टाकीच्या कडेवर ठेवले.

“मिस्टर स्टाल,” मी म्हणाले, “तुम्ही हा माझ्या बाबांच्या गाडीतून कधी काढलात?”

“मी नाही काढला.”

“क्रमांक तुम्ही रंगवलात.”

“तो मी रंगवला. गेल्या महिन्यात.”

“का?”

“कारण तू फडकं घेऊन बसणार हे मला माहीत होतं. वाटलं होतं, गाडीत बसवेपर्यंत तरी टिकेल.” ते खुर्चीत बसले. “काढला रूडीनेच. अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये, जत्रेच्या मैदानामागे, पंचवीसएक माणसांसमोर. आणि उचलून माझ्या ट्रकमध्ये ठेवला.”

मी वही उघडली. बोलण्यापेक्षा ऐकलेलं मोजता येतं.

“तुमच्या पिढीला माहीत नसेल. आम्ही रविवारी चर्च सुटलं की त्या सरळ रस्त्यावर गाड्या सोडायचो, मैलाचा आठवा भाग. अख्ख्या गाडीवर पैज लावणारे मूर्ख होते. गाडी गेली तर कामाला कसं जाणार? म्हणून आमच्याकडे गिअरबॉक्सवर लागायची. हरेल त्याने आठवड्याच्या आत सगळ्यांसमोर आपला गिअरबॉक्स उतरवायचा आणि बेलपासून पेडलपर्यंत सगळं जिंकणाऱ्याला द्यायचं. हरणाऱ्याने मग ऑटोमॅटिक लावून फिरायचं. पुढच्या उन्हाळ्यात परत जिंकायची संधी.” त्यांनी बाकावरच्या दांड्याकडे बोट केलं. “मूठ मात्र हरणाऱ्याकडे राहायची. परत येण्याचं निमित्त म्हणून.”

माझा हात खिशात गेला. मी मूठ बाहेर काढून बाकावर ठेवली.

ऑरिन खुर्चीतून पुढे वाकले. “ठेवली तर त्याने,” ते म्हणाले.

“पण बाबा परत आले नाहीत.”

“नाही. कारण त्याच्या मते तो हरलाच नव्हता. त्याचं म्हणणं, मी झेंडा पडायच्या आधी निघालो. झेंडेवाल्याने निकाल माझ्या बाजूने दिला. रूडीने वाद घातला नाही. शब्द दिला होता तो पाळला, बॉक्स उतरवला, ट्रकमध्ये ठेवला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसायचो.”

“तुम्ही आधी निघाला होतात का?”

मी हे जितकं सरळ विचारता येईल तितकं सरळ विचारलं. आता माझ्या लेखी सगळं यावर होतं. तो चोरीचा माल असता तर मी टो-गाडी बोलावली असती. प्रामाणिकपणे जिंकलेला असता तर बाबांनी चव्वेचाळीस वर्षं एका निर्दोष माणसाकडे पाठ फिरवली होती.

“झेंडा पडला आणि मी निघालो,” ऑरिन म्हणाले. “मला एवढंच आठवतं. तेव्हाही एवढंच सांगितलं. पण आम्ही कोणी झेंडा बघत नव्हतो, पोरी. झेंडा बघणारा हरायचा. झेंडेवाल्याचा खांदा बघायचा. खांदा आखडला की क्लच सोडायचा. रूडीही तेच करायचा.”

“मग परत का नाही दिलात?”

“परत करणं म्हणजे कबूल करणं. आणि मी खरंच जिंकलो असेन तर? खोटं कबूल करू?” त्यांनी कपातली थंड कॉफी प्यायली. “मी तो कधी वापरला नाही. दर वर्षी तेल बदललं. रूडी गेला तेव्हा वाटलं, गुपचूप त्याच्या गाडीत परत बसवून टाकू, म्हणजे काय म्हणायचं ते ठरवावं लागणार नाही. तू विचारलंस तर आता सांगतो. मला हे माहीत नाही की मी तुला देणगी देतोय की तुझी वस्तू परत करतोय. आणि ते कळल्याशिवाय मरायची माझी इच्छा नाही.”

मी हे सगळं आईला सांगितलं. ती बटाट्याची सालं काढत होती.

“आणि तू विश्वास ठेवलास.”

“नाही. मी आकडे जुळवले.”

“आकडे सांगतात बॉक्स गाडीचा आहे. तो निघाला कधी, ते कुठे सांगतात? साक्षीदार सगळे मेलेत, आणि हा जिवंत माणूस स्वतःबद्दल ‘आठवत नाही’ म्हणतोय. सोयीचं आहे.”

माझ्याकडे एक पद्धत होती. क्लच कधी सोडायचा ही सवय असते. माणसाचे केस जातात, गुडघे जातात, पण ती तशी जात नाही. निदान माझा अंदाज तसा होता. एक शर्यत पुन्हा आणता येत नाही. सवय मात्र मोजता येते.

गाडी आणखी चार शनिवारांत पूर्ण झाली. ठिगळ काढलं, जुना बुश डबीतून काढून जागेवर बसवला, पेडलं लावली, आणि गाडी मागे घेताना लागणाऱ्या दिव्यांची वायर गिअरबॉक्सकडे वळवली. शेवटी मी दांड्यावर मूठ फिरवली. ती साडेसहा फेऱ्यांत बसली, आणि आकडे सरळ माझ्याकडे तोंड करून थांबले. अकरा ठिपके जागेवर होते.

एका गुरुवारी दुपारी आम्ही मक्याच्या शेतांमधल्या शर्यतीच्या ट्रॅकवर गेलो. तो चालवणाऱ्या डार्ला केम्पबाईंनी आम्हाला एक तास मोकळा दिला. तिथे झेंडा नाही, खांबावर दिवे आहेत. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. चाक रेषेवरून कधी सुटलं ते यंत्र हिरव्यापासून मोजतं आणि चिठ्ठी छापतं. हिरव्याच्या आधी सुटलं तर आकडा उणे येतो, लाल दिवा लागतो आणि ती फेरी बाद.

आई स्वतःहून आली होती. घडीची खुर्ची आणि चष्मा घेऊन.

“तो मुद्दाम आधी निघेल,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “मोठं मन दाखवायला. मेलेल्या मित्राला जिंकू द्यायला. किंवा मुद्दाम उशिरा निघेल. कसंही केलं तरी त्याच्याच सोयीचं.”

याचा विचार मी केला होता. लाल दिव्यावर डार्लाबाईंनी आपली टोपी अडकवली, म्हणजे ऑरिनना कुठल्याच फेरीचा निकाल दिसणार नव्हता. चिठ्ठ्या छापल्या की पालथ्या घालून आईकडे जाणार होत्या. आणि एक गोष्ट मी आईला समजावली. मुद्दाम आधी निघणारा माणूस चांगला अर्धा सेकंद आधी निघतो, कारण त्याला उणे नक्की यायला हवं असतं. सवयीने निघणारा डोळ्याची पापणी लवण्याइतकाच चुकतो, आणि दर वेळी साधारण तेवढाच. उशीर करणाऱ्याचे आकडे तर सगळीकडे विखुरतात.

“हे तू त्याला सांगितलंस?”

“नाही.”

आईने पहिल्यांदाच माझ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं.

ऑरिन बाबांच्या गाडीत बसले. सीट मागे घेतली, आरसा नीट केला, हात मुठीवर ठेवला आणि लगेच काढून पँटला पुसला.

“काय करू?” त्यांनी काचेतून विचारलं.

“अठ्ठ्याहत्तर साली केलंत तसं. जिंकायला निघा.”

“खांदा नाहीये इथे.”

“शेवटचा पिवळा दिवा बघा.”

“तोच खांदा,” ते म्हणाले.

ते पाच वेळा निघाले. प्रत्येक वेळी क्लच सुटला की गाडीचं नाक उचललं जायचं आणि मागच्या टायरचा वास आमच्यापर्यंत यायचा. दुसऱ्या फेरीनंतर ते हसत होते. चौथ्यानंतर ते हसत नव्हते. पाचवीनंतर गाडी हळू चालवत परत आणली, इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिले. हात मुठीवर होता.

आई उठली. मला वाटलं ती चिठ्ठ्या माझ्याकडे देईल. पण ती गाडीच्या खिडकीपाशी गेली, चष्मा लावला आणि एकेक चिठ्ठी उलटून, ऑरिनना ऐकू जाईल अशा आवाजात वाचली. मी वहीत लिहून घेतली.

पहिली, उणे ०.०४१.

दुसरी, उणे ०.०६७.

तिसरी, अधिक ०.००९.

चौथी, उणे ०.०५८.

पाचवी, उणे ०.०३३.

सरासरी, उणे ०.०३८ सेकंद. पापणी लवण्याइतकं आधी; म्हणजे मुद्दाम नाही, सवयीने.